सावरदरीच्या बंगल्यातल्या बारा खुर्च्या

सावरदरीत कोणाच्या घरात काय आहे, हे त्या त्या घरच्या सुनांपेक्षा रत्नमालाबाईंना जास्त ठाऊक होतं. यात बढाई काही नव्हती. लग्न होऊन गावात आल्यापासून पंचवीस वर्षं त्या कोणाकडे सोयाबीन निवडायला, कोणाकडे पापड लाटायला, कोणाकडे बाळंतिणीचं करायला जात आल्या होत्या. कोणाच्या माळ्यावर काय ठेवलंय आणि कोणाच्या पलंगाखाली काय ढकललंय, सगळं डोळ्यांखालून गेलेलं. तोंड मात्र घट्ट. इकडचं तिकडे करायची खोड त्यांना नव्हती, म्हणून तर सगळी घरं त्यांना उघडी होती.

सावरदरी मेडशीहून जीपनं वीस मिनिटांवर. गावाच्या टोकाला इंग्रजांच्या काळचा डाकबंगला आहे. हातभर जाड भिंती, वर कवेलूंचं छप्पर, चारी बाजूंनी पडवी. दौऱ्यावरचे साहेब घोड्यावरून यायचे आणि इथे मुक्काम करायचे. गोरे साहेब गेले, आपले साहेब आले, तेही इथेच कोंबडी खाऊन झोपायचे. पुढे डांबरी रस्ता दुसऱ्या अंगानं गेला, साहेबांना नवं विश्रामगृह मिळालं आणि बंगल्याला कुलूप लागलं. ते कुलूप सत्तेचाळीस वर्षांनी निघालं, कारण बंगला जपायचा आणि त्यात परिसराचं संग्रहालय करायचं असं जिल्ह्याच्या ठिकाणी ठरलं. इमारतीची डागडुजी झाली आणि रत्नमालाबाईंना तिथे झाडलोटीचं काम मिळालं. घराच्या जवळ काम, डोक्यावर छत आणि वर पंखा. त्या खूश होत्या.

जेवणाच्या खोलीतली भिंत घासताना चुन्याच्या सातआठ थरांखालून काळी अक्षरं वर आली. रत्नमालाबाई नववी पास. बोट ठेवत ठेवत त्यांनी वाचलं. सामानाची यादी होती ती. मोठे टेबल एक, नंबरी खुर्च्या बारा, जस्ती घंगाळ एक, आरसा एक, पितळी घंटा एक, कंदील सहा. असं बंगल्याच्या भिंतीवर लिहून ठेवायची तेव्हा रीत होती, म्हणजे चौकीदार बदलला तरी सामान बदलत नसे.

बंगल्यात आता त्यातलं एक टेबल तेवढं होतं, तेही दारातून निघत नाही म्हणून. बाकी खोल्या रिकाम्या. आणि या बंगल्याचे शेवटचे चौकीदार म्हणजे त्यांचे सासरे पंजाबराव.

पंजाबरावांनी बंगला विकून खाल्ला, असं गाव म्हणायचं. तोंडावर नाही, पण म्हणायचं. साहेब तपासणीला आले, बंगला रिकामा सापडला, पंजाबरावांना विचारलं तर ते एवढंच बोलले की सामान माझ्या ताब्यात होतं आणि ते गेलं. नोकरी त्याच दिवशी गेली. नंतर जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या वावरात मजुरी केली. बौद्धवाड्यातल्या पोराला सरकारी नोकरी मिळाली होती, ती गेली, हे कित्येक घरांना मनातून गोडही लागलं असेल. माणसं अशीच असतात, त्यात सावरदरीनं काही वेगळं केलं नाही. आता पंजाबराव एकोणऐंशी वर्षांचे होते. गावात जायचं तर बंगल्यापुढचा सरळ रस्ता सोडून ते ओढ्याकडून वळसा घालून जायचे. इतक्या वर्षांत त्यांनी हा वळसा एकदाही चुकवला नव्हता.

संग्रहालयाचं सगळं पाहायला वाशीमहून ज्योत्स्नाबाई यायच्या. वय तिशीचं, चष्मा, आवाज मऊ, पण कागदाच्या बाहेर एक पाऊल नाही. दारात लावायच्या माहितीफलकाचा मजकूर त्यांनी एक दिवस रत्नमालाबाईंच्या हाती दिला, साध्या माणसाला समजतो का ते बघायला. बंगला कधी बांधला, कोणता दगड, कोण कोण राहून गेलं, सगळं छान होतं. चौथ्या ओळीत लिहिलं होतं, ‘सन १९७७ मध्ये चौकीदाराने येथील सामान परस्पर विकल्यामुळे बंगला बंद करण्यात आला.’

नाव नव्हतं. सावरदरीत नाव लिहायची गरजही नव्हती.

रत्नमालाबाई भांडल्या नाहीत, रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या की हे खोटं आहे. ज्योत्स्नाबाईंना वाईट वाटलं, पण त्यांनी जुन्या फाईलचा कागद समोर ठेवला. मी कागदावर आहे ते लिहिते, त्या म्हणाल्या. सामान विकलं नाही असं दाखवून द्या, मी ओळ काढते. उद्घाटनाला वीस दिवस आहेत आणि फलक दोन दिवस आधी छापायला जाईल.

त्या संध्याकाळी भाकरी वाढताना त्यांनी सासऱ्यांना विचारलं. खरं काय आहे ते सांगा, म्हणाल्या. म्हातारा भाकरीचा तुकडा दुधात बुडवत बसला.

“मी विकलं नाई, येवढं तुले मालूम हाये ना, रत्ना? मंग झालं.”

“मले मालूम हाये, मामाजी. पन थे पाटी भितीवर राहीन. मायी नातवंडं वाचतीन.”

पंजाबराव उठले, ताट धुतलं आणि बाहेर जाऊन बसले. त्यांच्याकडून याहून जास्त काही निघणार नाही, हे रत्नमालाबाईंना कळलं. पण विकलं नसेल तर सामान गावातच कुठेतरी असणार, आणि गावात कुठे काय आहे हे त्यांना सोडून कोणाला ठाऊक असणार?

दुसऱ्या दिवशी त्यांनी आठवायला सुरुवात केली. गोपीचंद दुकानदार गल्ल्यावर कशावर बसतो? सागवानी खुर्चीवर, वर पोतं टाकलेलं. तेलाच्या घाणीवाल्यांच्या घरी गव्हाच्या कोठीवर चढायला काय घेतात? खुर्ची. जाधवांच्या न्हाणीत म्हातारी कशावर बसते? पाठ मोडलेल्या खुर्चीवर. रत्नमालाबाईंनी आजवर यातल्या प्रत्येक खुर्चीखाली झाडू मारला होता, पण एका वेळी एकाच घरात. सगळ्या खुर्च्या एकाच वळणाच्या आहेत, हे आत्ता कुठे ध्यानात आलं.

त्या सरळ विचारायला गेल्या, ही त्यांची चूक. घरोघर एकच उत्तर मिळालं, आमच्याकडे बंगल्याचं काही नाही. गोपीचंद तर त्या खुर्चीवर मांडी घालून, हिशेबाच्या वहीवरून मान वर न करता म्हणाला की तुझ्या सासऱ्यालाच विचार. रत्नमालाबाई घरी आल्या त्या पार उतरलेल्या चेहऱ्यानं. त्यांचा नवरा संघपाल मेडशीच्या फेऱ्यांवर जीप चालवायचा. तो म्हणाला, चोर म्हणून दार वाजवलंस तर कोण उघडेल?

हे वाक्य त्यांनी तीन दिवस मनात घोळवलं. चौथ्या दिवशी गोपीचंदकडे पावशेर शेंगदाणे घ्यायला गेल्या आणि आवाज खाली आणून एक खबर दिली. संग्रहालयात इंग्रजाच्या जमान्यातल्या वस्तू मांडणार आहेत. ज्याच्या घरची वस्तू, त्याच्या आज्याच्या नावाची पितळी पट्टी तिच्यावर लागणार. जिल्ह्याचे लोक येऊन वाचणार. घाणीवाले काहीतरी जुनं आणून देणार आहेत म्हणे, पण कोणाला बोलू नका.

यातलं पट्टीचं खरं होतं, ज्योत्स्नाबाईंनीच ठरवलं होतं. घाणीवाल्यांचं तेवढं त्यांनी पदरचं घातलं. कोणाला बोलू नका असं गोपीचंदला सांगितलं म्हणजे गावात दवंडी पिटायचं काम उरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोपीचंद स्वतः हजर. पोराच्या डोक्यावर चादरीत गुंडाळलेली खुर्ची. त्याच्या आज्यानं एका साहेबाला वेळेवर तूप पुरवलं म्हणून साहेबानं ती बक्षीस दिली होती, असं त्यानं सांगितलं. दुपारी घाणीवाले आले. त्यांच्या आज्यानं साहेबासाठी बिबट्या मारला होता. नंतर आलेल्यांच्या आज्यांनी साहेबाला नदीच्या पुरातून काढलं, मडमेचा ताप झाडपाल्यानं उतरवला, घोड्याचा नाल ठोकून दिला. एकाच्या आज्याशी तर साहेब मराठीत गप्पा मारायचा आणि जाताना रडला होता. सावरदरीच्या आज्यांनी त्या आठवड्यात जेवढा पराक्रम गाजवला, तेवढा जिवंतपणी कधी गाजवला नसेल. ज्योत्स्नाबाई शिकलेल्या, त्यामुळे त्यांनी सगळं जसंच्या तसं उतरवून घेतलं.

रत्नमालाबाई काही बोलायच्या नाहीत. आलेल्याला पाणी द्यायच्या, खुर्ची उचलून जेवणाच्या खोलीत न्यायच्या आणि दार लावून घ्यायच्या. कोणाला दुसऱ्याची वस्तू दिसली नाही. आत गेल्यावर त्या खुर्ची उलटी करायच्या. बसायच्या फळीखाली कोरलेला आकडा असायचा. चार. नऊ. दोन. प्रत्येक आकडा सापडला की त्या एकट्याच हसायच्या आणि एकट्याच डोळे पुसायच्या.

खरं बोलला तो एकच, तांड्यावरचा लखीराम. तो ट्रॅक्टरवर घंगाळ घालून घेऊन आला आणि आज्याबिज्याचं नाव न घेता म्हणाला की हे बंगल्याचंच आहे. तो तेव्हा दहा वर्षांचा होता. मारोतराव पाटलांच्या बापानं एका संध्याकाळी त्याच्या बापाकडे हे ठेवायला पाठवलं होतं, कोणाला बोलू नका असं बजावून. तेव्हापासून घरातली म्हैस यातच पाणी पिते, आणि आज तिनं बादलीला तोंड लावलेलं नाही, एवढीच त्याची तक्रार होती.

मारोतरावांच्या बापानं का पाठवलं असेल, याचा विचार करत रत्नमालाबाई त्या दिवशी झाडायचंही विसरल्या. मारोतराव गावातले मोठे शेतकरी, वय सत्त्याहत्तर. त्यांची एक गोष्ट गावाला कधी उलगडली नव्हती. रस्त्यात पंजाबराव दिसले की हा माणूस आधी थांबून, पायातली वहाण बाजूला काढून, जयभीम करायचा. पंजाबराव मान हलवायचे. दोघांना पुढे काही बोलताना कोणी पाहिलं नव्हतं.

उद्घाटनाला पाच दिवस राहिले तेव्हा यादीतलं एक सोडून सगळं आलं होतं. आरसा न्हाव्याच्या दुकानातून आला, घंटा शाळेतून, कंदील सहाच्या सहा. खुर्च्या अकरा. बारावी कुठे आहे हे रत्नमालाबाईंना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मारोतराव रोज संध्याकाळी ओसरीवर तिच्यावरच बसायचे. त्या त्यांच्याकडे गेल्या, समोर खाली बसल्या आणि या वेळी पट्टीबिट्टीचं काही न सांगता सरळ बोलल्या. फलकाची चौथी ओळ सांगितली. मारोतरावांनी ऐकून घेतलं. मग हात खुर्चीच्या दांड्यावर फिरवत ते एवढंच म्हणाले की माझ्याकडे देण्यासारखं काही नाही. बोलताना म्हाताऱ्याची मान वर आली नाही. रत्नमालाबाईंना राग आला तसाच त्याचा कळवळाही आला, आणि कळवळा आला म्हणून स्वतःचाच राग आला.

फलक छापायला जायच्या दिवशी सकाळी ज्योत्स्नाबाईंनी सगळ्या देणाऱ्यांना पट्टीवरची नावं तपासायला बोलावलं. माणसं धुतलेले कपडे घालून आली. गोपीचंदनं टोपी नवी घेतली होती. जेवणाच्या खोलीचं दार उघडलं आणि मोठ्या टेबलाभोवती एकसारख्या अकरा खुर्च्या मांडलेल्या दिसल्या, तेल लावून पुसलेल्या.

गोपीचंद घाणीवाल्यांकडे बघायला लागला, घाणीवाले जाधवांकडे. प्रत्येकाला वाटत आलं होतं की एक खुर्ची तेवढी आपल्याकडे राहून गेली, एकीनं काय होतं, बाकीच्या पंजाबरावानं विकल्या. सत्तेचाळीस वर्षं अकरा घरं हेच मनाशी म्हणत त्याच खुर्च्यांवर बसली होती. ज्योत्स्नाबाईंनी एक खुर्ची उलटी केली, आकडा वाचला, दुसरी उलटी केली. मग हातातली वही उघडून त्यांनी अगदी शांतपणे विचारलं की बिबट्या नेमका कोणत्या खुर्चीचा होता. मागून कोणीतरी फस्सकन हसलं आणि मग सगळी खोली हसायला लागली, घाणीवालेसुद्धा.

हसणं ओसरल्यावर गोपीचंदला लाज झाकायला काहीतरी हवंच होतं. तो म्हणाला, “अकरा हायेत. बारा लिहेल हायेत भितीवर. एक तं विकलीच ना मंग त्यानं?”

एकाच्या मनात आलं तर इतरांच्याही आलं असणार. ज्योत्स्नाबाईंनी भिंतीकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. एका खुर्चीसाठी ती ओळ राहणार का, हे रत्नमालाबाईंना त्यांच्या तोंडावर दिसेना. मारोतरावांचं नाव त्यांच्या जिभेवर आलं. ते त्यांनी घेतलं असतं तर कोणी दोष दिला नसता. पण खुर्चीच्या दांड्यावर फिरणारे म्हाताऱ्याचे हात त्यांच्या डोळ्यांपुढून जाईनात, आणि एकावरची चोरी काढून दुसऱ्यावर घालायची त्यांची हिंमत होईना. त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

तेवढ्यात बाहेर संघपालची जीप थांबली. टपावर दोरीनं बांधलेली खुर्ची होती. आतून मारोतराव उतरले. त्यांच्यामागून पासष्टीची एक ठेंगणी बाई उतरली, हिरवं लुगडं, हातभर बांगड्या. ती त्यांची धाकटी बहीण रंगूबाई, रिसोडला दिलेली. तिला भावानं आदल्या दिवशी फोन करून बोलावलं होतं, आणि एस.टी.तून उतरल्यावर ती माहेरी न जाता आधी बौद्धवाड्यात गेली होती. तिनं मागे वळून हात दिला आणि तो हात धरून पंजाबराव खाली उतरले. पंजाबराव बंगल्याच्या दारात उभे आहेत, हे रत्नमालाबाईंनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

मारोतरावांनी खुर्ची कोणाला उचलू दिली नाही. टेबलाशी रिकाम्या जागी ती ठेवून ते सगळ्यांकडे वळले.

“हे सामान पंजाबरावनं रंगूच्या लग्नाले देल्तं,” ते म्हणाले. “रिसोडची वरात, मोठी माणसं, आमच्या घरी बसाले सतरंजी बी धड नव्हती. माया बापानं हात जोडले, म्हून देल्तं. त्याच दिवशी साहेब आला. मांडवात शिपाई आला असता तं वरात वापस गेली असती. यानं आमचं नावच घेतलं नाई. आन् मी भेलो. बाप जेलात जाईन म्हून आधी भेलो, मंग बाप मेल्यावर लाज वाटे म्हून भेलो.”

त्या संध्याकाळी त्यांच्या बापानं एकेक वस्तू एकेका घरी पाठवून दिली होती, सगळं एका जागी सापडू नये म्हणून. तसं करायलाही पंजाबरावांनीच सांगितलं होतं. हे मारोतराव सांगत असताना रंगूबाई पदर तोंडाला लावून उभी होती. तिला स्वतःला हे आदल्या रात्रीपर्यंत ठाऊक नव्हतं. तिची दोन मुलं, चार नातवंडं, रिसोडचा भरला संसार, सगळा या माणसाच्या गप्प बसण्यावर उभा होता. ती पुढे झाली आणि पंजाबरावांच्या पाया पडायला वाकली. त्यांनी तिला मध्येच धरलं.

“आमच्यात पाया नाई पडत, बाई,” ते म्हणाले. “पोरं बरी हायेत ना?”

मग त्यांनी तिला बाजूला केलं आणि टेबलाभोवती फिरायला लागले. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर हात ठेवत ते मोजत होते, पुटपुटत, कोणाकडे न बघता. जाधवांच्या मोडक्या खुर्चीपाशी थांबून त्यांनी पाठ हलवून पाहिली आणि नाराजीनं च्च केलं. गोपीचंदनं नवी टोपी काढून हातात घेतली होती. बारापर्यंत मोजून झाल्यावर पंजाबरावांनी भिंतीवरची यादी वरपासून खालपर्यंत वाचली, कंदील मोजले, घंगाळात वाकून पाहिलं. रत्नमालाबाई हमसून रडत होत्या आणि हसतही होत्या, आणि त्यांना त्याची काही लाज वाटत नव्हती.

ज्योत्स्नाबाईंनी फलकाचा कागद काढला, चौथ्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि कागद पंजाबरावांसमोर टेबलावर ठेवला. इथे आता काय लिहू ते तुम्हीच सांगा, त्या म्हणाल्या. पट्टीवर आज्याचं नाव कोरायला आलेली सगळी माणसं त्या कागदाकडे बघत होती. पंजाबरावांनी मनात आणलं असतं तर त्या एका ओळीत अख्ख्या गावाला उभं करता आलं असतं, आणि गावाला ते कळत होतं.

पंजाबरावांनी थोडा विचार केला.

“लिहा,” ते म्हणाले. “सामान लग्नाले नेलं होतं. वापस आलं.”